वेढ्याच्या चित्रातलं तिसरं छप्पर

मी अक्षरं शिकले ती उलटी. बाबांचा छापखाना पनवेलच्या जुन्या बाजारात होता, दोन गाळ्यांचा. शाळेत घालायच्या आधीपासून मी तिथे छपाईच्या खिळ्यांच्या केसपुढे, म्हणजे खणाखणांच्या पेटीपुढे, स्टुलावर बसलेली असे. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर उठलं की सुलटं होतं. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, पावतीपुस्तकं हे सगळं पोटासाठी. बाबा जीव लावून छापायचे ती पत्रकं. आमचं गाव वाचवायला निघालेल्या समितीची. त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘गवत’ यायच्या आधी मला ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘ग्रामस्थ’ हे शब्द ओळखता यायला लागले.

प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर एकच चित्र असायचं. तटबंदीच्या एका शहराला पडलेला वेढा. सगळं बारीक रेघारेघांनी काढलेलं. मधोमध तट आणि बुरूज, आत दाटीवाटीने छपरं, छपरांतून वर गेलेला एक उंच मनोरा. तटाभोवती नागमोडी चर, तोफा, तंबू, धुराचे गोळे. आणि अगदी पुढे, एका उंचवट्यावर, दोन घोडेस्वार. त्यातल्या एकाचा हात शहराकडे केलेला.

हे चित्र बाबांना एका रद्दीवाल्याकडच्या फाटक्या इंग्रजी पुस्तकात सापडलं होतं. समितीचं पहिलं पत्रक छापायचं होतं आणि माथ्यावर काहीतरी जोरदार हवं होतं. बाबांनी ते पान मुंबईला नेलं आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणला. लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकलेला तो पत्रा पुढे वीस-बावीस वर्षं आमच्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर चढत राहिला.

“हा आपला गाव,” बाबा मला चित्रावर बोट ठेवून सांगायचे. “बाहेर ते. आत आपण. आणि हे घोडेवाले बघ, हे आपल्या मदतीला आलेत. अजून लांब आहेत, पण आलेत.”

आमचं गाव खाडीकडचं. नाव लिहीत नाही. कोणाचीच नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलंय. जी नावं लिहिली ती पुढे याद्यांत गेली, आणि याद्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. गावातली माणसं मिठागरांवर राबायची, पावसाळ्यात भात करायची. मग एक मोठा प्रकल्प आला. जमिनी आधीच गेल्या होत्या, आता घरंही हवी होती. कोणी घरात शिरून बाहेर काढलं नाही. पलीकडचा डोंगर फोडला, त्याचा मुरूम आणून गावाच्या भोवती टाकला. भराव म्हणतात त्याला. वर्षभर डंपर येत राहिले. मग आणखी वर्षभर. गावाभोवतीची जमीन दोन पुरुष वर आली आणि गाव होतं तिथेच, खाली राहिलं. पावसाळ्यात सगळं पाणी आमच्या दारात यायला लागलं. भर घालणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणत, आम्ही तुमच्या घराला हात तरी लावलाय का?

आमचं मूळ घर त्या गावात. थोरले काका वारल्यावर तिथे काकी एकटीच राहायची. तिला मूलबाळ नाही. बाबा पनवेलला आलेले, मी पनवेललाच जन्मलेली. गावाच्या पत्रकांवर ‘आम्ही ग्रामस्थ’ असं मी लिहायचे, सोळाव्या वर्षापासून मजकूर मीच लिहायचे, पण गावात घर सांभाळून बसलेली ग्रामस्थ होती काकी. ते घर तिच्याकडे राहणार की जाणार, एवढीच गोष्ट आहे ही.

पत्रक निघालं की गावात ते दाराला चिकटवायची रीत होती. पिठाची खळ करायची आणि दारावर, डोळ्यांच्या उंचीवर लावायचं. जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. काही दारांवर पुठ्ठ्याएवढा थर जमला होता. आणि कोणी सुरू केलं माहीत नाही, पण लोकांनी चित्रातली छपरं वाटून घेतली होती. मनोरा म्हणजे आपल्या देवळाचा कळस. त्याच्या उजवीकडचं रुंद छप्पर सरपंचाचं. बुरुजाजवळची ओळ कोळीवाड्याची. एका छपराला धुराडं होतं, त्यावरून दोन सख्ख्या भावांचं वाजलं. दोघं आधीच एका भिंतीवरून कोर्टात होते.

“चितरात तरी वाटनी करून घ्या रं,” काकीने त्यांना भर बैठकीत सुनावलं होतं. “येकाला छप्पर द्या, येकाला धूर.”

काकीचं छप्पर मनोऱ्याच्या डावीकडून तिसरं. लहानच होतं, पण आख्खं दिसायचं. मी लहान असताना ती मला उचलून दाराशी न्यायची आणि विचारायची, “आपलं घर कुठं हाय?” मी बोट ठेवायचे. मग एकेक घर जागा सोडायची संमती देऊन जायला लागलं, तशी ती दारावरच्या चित्रातलं ते ते छप्पर बॉलपेनने गिरगटून काळं करायला लागली. शिव्या नाही, शाप नाही. नुसतं काळं करायची आणि पेन परत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायची. शेवटी गावात सात घरं उरली. चित्रात तट होता तसाच होता, आतलं शहर जवळजवळ पूर्ण काळं झालं होतं.

गेल्या वर्षी बाबांनी छापखाना बंद केला. गुडघे गेले होते. ट्रेडल भंगारात जाणार होतं, म्हणून मी खिळ्यांच्या केस रिकाम्या करत होते. सगळ्यात खालच्या खणात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पान मिळालं. मूळ पान. ब्लॉक ज्याच्यावरून केला ते.

आणि त्याला खाली दोन बोटं रुंदीची एक पट्टी होती, जी आमच्या ब्लॉकवर कधीच नव्हती.

मी खिडकीशी जाऊन बाबांच्या भिंगाने ती वाचली. जुन्या वळणाचं इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. वर मथळा होता: अमुक शहर, लांबलेल्या वेढ्यानंतर शरण आलं त्या वेळचं दृश्य. खाली चित्र कोरणाऱ्याने ते जिंकलेल्या सेनापतीच्या चरणी अर्पण केलं होतं. मग यादी. चित्रात ठिकठिकाणी बारीक अक्षरं होती, ती आम्हाला कायम छपाईचे ठिपके वाटली होती. एकेका अक्षरापुढे खुलासा होता. सेनापतीची छावणी. मोठ्या तोफा. पुढे सरकवलेले चर. दारूगोळ्याचं कोठार. टेकडीवरून हल्ल्याची जागा दाखवणारा सेनापती, सोबत त्याचा सहायक.

घोडेस्वार ते होते.

तटाच्या आत एकच अक्षर होतं. मनोऱ्यावर. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ज्यावर तोफांचा नेम धरला तो मनोरा.

मी भिंग खाली ठेवलं. शेजारच्या गाळ्यात फरसाणाचा घाणा चालू होता, त्याचा वास येत होता. वीस-बावीस वर्षं आम्ही जिंकणाऱ्यांचं चित्र हरणाऱ्यांच्या दाराला लावत होतो.

मला वाटलं, हे एकच चित्र तसं असेल. माझी खोड आहे, एका गोष्टीवरून नियम करायचा नाही. म्हणून मी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात गेले. तिथे अशा छापचित्रांच्या पेट्या आहेत. त्या सांभाळणारे एक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी मला आधी हात धुवायला लावले, मग पुसायला लावले, मग म्हणाले, “पत्रकार?”

“नाही. पत्रकवाली.”

ते हसले नाहीत, पण पेटी आणली.

दोन दिवस मी वेढे पाहिले. परदेशातली शहरं, आपल्याकडचे किल्ले, डोंगरी, भुईकोट. ही चित्रं कशी करतात ते त्या गृहस्थांनी सांगितलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात घालायचा. जिथे रेघ उघडी तिथे आम्ल तांबं खातं. मग त्या खाचांत शाई भरायची आणि कागद दाबायचा. खिळ्यांसारखंच, सगळं उलटं काढावं लागतं.

“चित्र बघताना आधी काढणारा कुठे बसलाय ते शोधायचं,” ते म्हणाले.

तो नेहमी बाहेर बसलेला असे. एकाही चित्रात मला अपवाद सापडला नाही. बहुतेक तर उंचावर, इतक्या उंचावर की तिथे टेकडीही नसावी. तिथून वेढा म्हणजे रांगोळी दिसते. चर एका शिस्तीत पुढे सरकतात, तंबूंच्या ओळी सरळ, तोफांच्या तोंडाशी धुराचे गोळे. चित्राच्या पुढच्या भागात हमखास एक वठलेलं झाड, त्याखाली माणसं. ही माणसं अगदी जीव ओतून काढलेली. एक शिपाई बूट काढून पाय चोळतोय. एकजण पत्ते पिसतोय. एक बाई, छावणीतली, कढईत काहीतरी ढवळतेय. एक कुत्रा. आपल्याकडच्या एका डोंगरी किल्ल्याच्या चित्रात हुक्का ओढणारा साहेब हाताएवढा होता आणि त्याच्या मागचा किल्ला नखाएवढा. साहेबाच्या अंगरख्याची बटणं मोजता येत होती.

आणि आत? आत छपरं. कुठे कुठे एखादी शिडी. भिंतीवर टाचणीएवढी डोकी. भूक कुठेच नाही. पाण्याच्या टाक्यावरची रांग नाही. लांबलेल्या वेढ्यात आतली माणसं काय खात होती, कोणाला पुरलं, कुठे पुरलं, कोण कोणाशी भांडलं, काही नाही. जिथे काय झालं ते चित्रकाराला माहीत नाही तिथे त्याने धूर घातला होता. धूर काढायला सोपा असतो. सुई गोल गोल फिरवली की झाला.

दुसरी एक गोष्ट मला जास्त झोंबली. एकाच चित्रात सगळा काळ असायचा. डावीकडे अजून चर खणतायत, मधे तटाला खिंडार पडतंय, उजवीकडे वेशीतून लोक किल्ल्या घेऊन बाहेर येतायत. सगळं एकदम. म्हणजे पहिली कुदळ मारली तेव्हाच शेवट ठरलेला होता, असंच बघणाऱ्याला वाटणार. आतल्या माणसांना ते ठाऊक नसतं. त्यांना रोज सकाळी वाटत असणार की आज काही होईल.

काही चित्रांत वेढा घालणाऱ्यांनी तटाच्या बाहेर मातीचे उंच ढीग रचलेले होते, त्यावर तोफा चढवलेल्या. त्याला दमदमा म्हणतात, त्या गृहस्थांनी सांगितलं. तटाच्या वर गेलं की आत मारता येतं.

“आमच्याकडे त्याला भराव म्हणतात,” मी म्हणाले. त्यांनी पेटीतून पुढचं चित्र काढलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी विचारलं, “आतून काढलेलं एकही नाही?”

“आतल्या माणसाकडे तांब्याचा पत्रा कुठला? असला तरी त्याने तो वितळवून तोफेला दिला असेल.”

परत येताना मला आमच्या भरावाच्या कडेला लावलेला मोठा फलक आठवला. पुढे इथे काय होणार त्याचं चित्र. आकाशातून पाहिलेलं. रस्ते, इमारती, तळं. मी कितीदा त्याच्याखालून गेले होते. आमचं गाव त्यात हिरवळ होतं. थेट त्याच उंचीवरून पाहिलेलं, जिथून तो कोरणारा पाहायचा.

घरी आल्यावर मी पान बाबांपुढे ठेवलं आणि पट्टी वाचून दाखवली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान नाकाशी नेलं.

“ब्लॉकवरची पट्टी मीच कापली,” ते म्हणाले. “अष्टमांश कागदात बसत नव्हती. वाटलं, खाली प्रकाशकाचं नावगाव असेल.”

“कोणाकडून वाचून तरी घ्यायचं.”

“कोणाकडून? तू पाळण्यात होतीस.”

“आणि घोडेस्वार मदतीला आले, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

बाबांनी चष्मा परत नाकावर ओढला. “मीच म्हटलं. हात पुढे केलेला होता ना त्याचा. हात पुढे करणारा माणूस मदतीलाच येतो असं वाटलं.”

मी म्हणाले, खुलासा काढायला हवा. शेवटचं पत्रक. आम्ही चुकीचं चित्र छापत होतो, असं कबूल करणारं.

“वाचणार कोण? सात घरं राहिलीत. सात घरांना पत्रक नाय लागत, हाक मारली तरी पुरते.”

“तत्त्व म्हणून, बाबा.”

“तत्त्व.” ते थोडं हसले. “माझीच पोरगी तू. पण वहिनीच्या दाराला आहे ते. असू दे ना.”

मला त्यांचा राग आला. ज्या माणसाने मला ‘सत्य’ हा शब्द खिळे जुळवून शिकवला तो आता ‘असू दे’ म्हणत होता. लोकांना खोट्यावर उभं करायचं आणि त्याला लढा म्हणायचं, हे मला जमणार नव्हतं. मी तेव्हा असाच विचार करायचे, सरळ, वाक्य संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी पान आणि भिंग घेऊन मी गावात गेले.

काकी ओटीवर सुकट निवडत बसली होती.

“आलीस काय बाय? चपला वर ठेव, खाली वल हाय.”

“काकी, एक सांगायचंय.”

“लगीन ठरलं?”

“नाही.”

“मग सांग. त्याच्यापरीस वाईट काय असनार?”

मी पान उलगडलं. तिने हात पदराला पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि आधी तंबूंकडे गेली. तिला मजा वाटली. “अगो, हा कुत्रा बघ. आनि ह्यो पाय चोळतंय. दारावरच्यात ह्ये काय दिसतच नाय.” खरं होतं. आमच्या ब्लॉकवर ते सगळं झिजून गेलं होतं. मग भिंग तटावरून आत गेलं, मनोऱ्यावर थांबलं, डावीकडे सरकलं. एक, दोन, तीन. तिथे ती बराच वेळ होती.

“घरात कोन नाय,” ती म्हणाली.

“आतली माणसं काढलेली नाहीत, काकी. कोणाचीच.”

“येक पन नाय?”

“नाही.”

मी पट्टी वाचून सांगितली. शहर शरण आलं, हे. मनोऱ्यावर नेम धरला, हे.  मग तिने बोट टेकडीवर ठेवलं.

“आनि ह्यो घोड्यावरचा? ह्यो आपला ना?”

मला खोटं बोलता आलं असतं. तिने दुसरं काही विचारलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं.

“नाही. वेढा घालणारा तोच. तो हल्ला कुठून करायचा ते दाखवतोय.”

काकीने भिंग सुकटीच्या सुपात ठेवलं. “मंजी येनारं कोनीच नाय व्हतं.”

“चित्रात नव्हतं. आपलं वेगळं आहे.” आणि मग मी बोलले. चांगलं बोलले, मला आठवतंय. की खोट्या आशेपेक्षा खरी परिस्थिती कळलेली बरी. की कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही जो उभा राहतो तोच खरा उभा राहतो. की सात घरं पुरेशी आहेत. यातलं प्रत्येक वाक्य मी आधी कुठल्या ना कुठल्या पत्रकात लिहिलेलं होतं.

“बरोबर बोलतंस,” काकी म्हणाली. “तू नेमी बरोबरच बोलतंस. जेवून जा.”

बारा दिवसांनी तिने संमतीच्या कागदावर अंगठा दिला. तिला सही येत होती. काकांनी शिकवली होती. पण त्या कागदावर तिने अंगठाच दिला. तिच्यामागून राहिलेली सहाही घरं महिन्याभरात उठली.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले असते, ती आज ना उद्या उठणारच होती, ओटीपर्यंत पाणी येत होतं, सांधे धरले होते. हे सगळं खरं आहे. मी ते स्वतःला रोज सांगते. पण ती इतकी वर्षं त्याच पाण्यात, त्याच सांध्यांनिशी बसली होती, आणि मी जाऊन आले त्यानंतर उठली.

सामान हलवायच्या आधी तिने मला बोलावलं.

“तू सांगितलंस आतून कोनी काढत नाय. मंग तू काढ. मोडायच्या आधी. तुज्या बापाकडं पत्रा हाय ना?”

मी चित्रकार नाही. पण हे काम माझंच आहे असं मला वाटलं. एक मैत्रीण कलाशाळेत शिकते, तिने आम्ल आणि यंत्राची सोय केली. बाबांनी जुन्या ब्लॉकचे खिळे उपसले आणि तोच जस्ताचा पत्रा मला दिला. एका बाजूला वेढा, दुसरी बाजू कोरी. “मागची बाजू वापर,” एवढंच ते म्हणाले.

मेणाचा थर दिलेला पत्रा आणि सुई घेऊन मी अख्खा दिवस काकीच्या स्वयंपाकघरात बसले. जिथे चूल होती, तिथेच, पाटावर. तिथून माजघराचं दार, ओटीचं दार आणि बाहेर असं सगळं एका रेषेत दिसायचं. बांधाबांध चालू होती. काकी आत-बाहेर करत होती, फळीवरचं काढत होती, खिडकीतलं काढत होती, मला चहा देत होती. मी मान वर करत नव्हते. बाहेर जे दिसत होतं ते मी काढलं. दाराच्या चौकटीत उभा ठाकलेला भराव. मुरमाचे थर, पाण्याने पडलेल्या घळी, टायरच्या खुणा, वरचं पत्र्याचं कुंपण, कडेला आलेला एक डंपर, मोजणीच्या काठ्यांवरच्या चिंध्या. आभाळाला वर फक्त एक चिंचोळी पट्टी राहिली. एकेक खडा काढला मी. असं कोणी काढलेलं नाही, मला वाटत होतं. आजवर कोणी नाही. घराच्या आतल्या भागात मी दाट आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, काळोखासाठी. त्यामुळे बाहेरचं जास्त उठून दिसणार होतं.

पत्रा आम्लातून निघून पहिला कागद उठायला आणखी आठवडे गेले. तोवर घर पाडलं होतं. आम्ही बघायला गेलो नाही.

काकी आता सुकापूरला राहते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. मी चित्र घेऊन गेले. बाबाही आले, जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबत. काकीने कागद हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला.

“दार उलट्या बाजूला गेलं,” ती म्हणाली. “कडी आपली डाव्या हाताला व्हती.”

बाबा खुर्चीत होते तिथूनच हसले. मी उलटं काढायला विसरले होते. मी, जी अक्षरं उलटीच शिकले. मीही हसले, आणि वाटलं, झालं, एवढीच चूक आहे.

काकी अजून बघत होती. आमचं भिंग तिच्याकडेच राहिलं होतं, ते तिने आणलं आणि सगळ्या चित्रावरून हळूहळू फिरवलं, जसं त्या पानावरून फिरवलं होतं.

“डंपरचा नंबर पन काढलंस?”

“हो.”

“त्याची चाकं चांगली आलीत.” मग भिंग काळोखावर आलं. “आनि ह्ये काय?”

“घर. आतून. तिथे अंधार असायचा ना.”

“कुठं असायचा?” काकी म्हणाली. “मना तर सगळं दिसायचं.”

बाबा खाली फरशीकडे बघायला लागले.

“तू पन त्यांचाच भराव काढलंस, बाय. माजं घर कुठं हाय ह्याच्यात?” रागाने नाही. लहानपणी दाराशी नेऊन विचारायची तसंच विचारलं. मी तेव्हा बोट ठेवायचे.

मी म्हणाले, मी दुसरं काढते. आता लगेच काढते. तू सांग, मी काढते.

“मी कशाला सांगू? तू दिसभर बसली व्हतीस तिथं. माज्या खिडकीत काय व्हतं?”

मी आठवायला लागले. त्या घरात मी जन्मल्यापासून जात होते. खिडकी होती, गज होते, किती ते आठवेना. बरण्या असाव्यात. एखादा आरसा. त्या दिवशी ती खिडकीतून एकेक वस्तू उचलून माझ्या डोक्यावरून नेत होती, तिच्या पदराचा वारा मला लागत होता, आणि मी डंपरची चाकं काढत होते. फळीवर काय होतं? माझ्या पाठीमागे भिंतीला काय टांगलं होतं? मी बाबांकडे पाहिलं. ते ज्या घरात वाढले होते त्याच्याबद्दल ते तरी बोलतील म्हणून. ते अजून फरशीकडेच बघत होते.

काकीने भिंग खाली ठेवलं. मग तिने चित्राची गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेली.